चार्ल्स जॉर्ज गॉर्डन

चार्ल्स जॉर्ज गॉर्डन (२८ जानेवारी, इ.स. १८३३:वूलिच, इंग्लंड - २६ जानेवारी, इ.स. १८८५:खार्टूम, सुदान) हा ब्रिटिश सेनाधिकारी व प्रशासक होता. चीनमधील कामगिरीमुळे तो चायनीज गॉर्डन या नावानेही ओळखला जाई.

रॉयल इंजिनियर्स दलातील गॉर्डन क्रिमियन युद्धात लढला व इ.स. १८६०मध्ये चीनला गेला. बीजिंगचा उन्हाळी राजवाडा जाळणाऱ्या ब्रिटिश सैन्यात तोही होता. हा राजवाडा छिंग घराण्याचा होता. तीन वर्षांतच गॉर्डन त्याच घराण्याच्या बाजूने तैपिंग बंडखोरांविरुद्ध लढू लागला.

शांघायच्या रक्षणासाठी अमेरिकन फ्रेडरिक वॉर्ड याने परदेशी अधिकाऱ्यांच्या हाताखाली चिनी सैनिकांची एक फौज उभारली होती. सदाविजयी सेना या नावाच्या या फौजेचे नेतृत्व वॉर्डच्या मृत्यूनंतर, मार्च १८६३मध्ये गॉर्डनकडे आले. सुचौ परिसरात कालव्यांचे जाळे होते. त्यातून तोफा बसवलेल्या आगबोटी नेऊन त्याने बंडखोरांची ठाणी एकेक करून तोडली. डिसेंबरमध्ये सुचौच्या बंडखोर सरदारांनी अभयाच्या भरवशावर शहर स्वाधीन केले; मात्र प्रांताधिकारी ली होंगचांग याने त्यांचा शिरच्छेद करविला. संतप्त गॉर्डनने लढाई थांबवली आणि सम्राटाने पाठवलेले १०,००० टेल चांदीचे बक्षीस नाकारले. पुढे तो पुन्हा मोहिमेत उतरला. मे १८६४मध्ये चांगचौ पडल्यावर फौज विसर्जित झाली.

चिनी दरबाराने त्याला तीदू हे सेनापतिपद, पिवळा अंगरखा व एक जड सुवर्णपदक दिले. युरोपीय धर्तीचा दुहेरी ड्रॅगन सन्मान छिंग दरबाराने इ.स. १८८२मध्ये सुरू केला. तोवर पिवळा अंगरखा हाच मोठा मान होता. पदक मात्र गॉर्डनने ठेवले नाही. अमेरिकन यादवी युद्धामुळे कापूस मिळेनासा होऊन लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या होत्या (याच टंचाईने मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांना अमाप पैसा मिळवून दिला). पदकावरील कोरीव मजकूर खरवडून गॉर्डनने ते बेकार गिरणी कामगारांच्या मदतीसाठी निनावी पाठवले, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

इ.स. १८७७मध्ये तो सुदानचा गव्हर्नर-जनरल झाला. इ.स. १८८०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपनचा खाजगी सचिव म्हणून तो मुंबईला आला, पण काही दिवसांतच राजीनामा देऊन चीनला गेला. तेथे त्याने रशियाशी युद्ध टाळण्याचा सल्ला दिला. इ.स. १८८४मध्ये सुदानमधील इजिप्शियन फौज माघारी आणण्यासाठी त्याला खार्टूमला पाठवण्यात आले. महदीच्या सैन्याने शहराला वेढा घातला व शहर पडताना गॉर्डन मारला गेला. सुटकेसाठी निघालेली ब्रिटिश तुकडी दोन दिवसांनी तेथे पोचली.