संगणकाच्या अचूकतेची कसोटी घडविणारे जेम्स विल्किन्सन
महासंगणकांची जागतिक क्रमवारी ज्या 'लिनपॅक' चाचणीवर ठरते, तिच्यामागील गणिताची पायाभरणी करणाऱ्यांत ब्रिटिश गणितज्ञ जेम्स हार्डी विल्किन्सन यांचे स्थान अग्रभागी आहे. २७ सप्टेंबर १९१९ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यात स्ट्रूड येथे त्यांचा जन्म झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात गणिताचे शिक्षण घेतल्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते शस्त्रास्त्र संशोधनात गुंतले. १९४६ मध्ये ते टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत अॅलन ट्युरिंग यांचे सहायक म्हणून रुजू झाले. ट्युरिंग यांनी ती संस्था सोडल्यानंतर विल्किन्सन व सहकाऱ्यांनी 'पायलट एस' हा संगणक तडीस नेला. मे १९५० मध्ये तो प्रथम कार्यान्वित झाला.

फ्लोटिंग पॉइंट पद्धतीत संगणक प्रत्येक संख्येचे ठरावीक अंकच राखतो. ही सूक्ष्म त्रुटी असंख्य क्रियांतून साचत जाऊन अंतिम उत्तर निरर्थक ठरेल, अशी धास्ती तेव्हा नामवंत गणितज्ञांनाही होती. ती खरी ठरली असती, तर यंत्राचा सारा वेग व्यर्थ गेला असता. मात्र, हातयंत्रावर १८ समीकरणे सोडविताना विल्किन्सन यांच्या गटाला अपेक्षेहून कितीतरी अचूक उत्तरे मिळाली.

या अनुभवाला त्यांनी पुढे सिद्धान्ताचे रूप दिले. संगणकाचे उत्तर हे किंचित बदललेल्या मूळ प्रश्नाचे तंतोतंत उत्तर मानावे आणि तो बदल किती, हे मोजावे, असा हा विचार होता. मूळ प्रश्नच नाजूक असेल, तर दोष यंत्राचा नसतो, हेही त्यांनी दाखविले. १ ते २० ही मुळे असलेल्या त्यांच्या प्रसिद्ध बहुपदीत एका सहगुणकात सुमारे एक कोट्यंश फरक केला, तरी दहा मुळे संमिश्र होतात.

१९७० मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ५ ऑक्टोबर १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. लिनपॅक चाचणीत आजही केवळ वेग पुरेसा ठरत नाही. समीकरणांचे उत्तर अचूकतेच्या निकषावरही उतरावे लागते. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातील 'एका' महासंगणकाने याच कसोटीवर जगात चौथा क्रमांक मिळविला होता.