रंगांचा पारखी : पॉल एर्लिक

भामरागडच्या रानातील एखाद्या गावी कोणाला हुडहुडी भरून ताप आला, म्हणजे आरोग्यसेवक त्याच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतो. ती पट्टी रंगवली की सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचे जंतू उठून दिसतात. त्या रंगात मेथिलीन ब्ल्यू नावाचे निळे द्रव्य असते. या निळ्या रंगातच औषध पाहणारे शास्त्रज्ञ म्हणजे पॉल एर्लिक.

त्यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी स्ट्रेलेन येथे झाला. हे गाव तेव्हा प्रशियात होते. आज ते पोलंडमध्ये आहे. वैद्यक शिकत असतानाच त्यांना रंगांचे वेड लागले. एखादा रंग पेशीच्या एकाच भागाला धरतो, शेजारच्या भागाला शिवतही नाही, हे पाहून त्यांना वाटले की जंतूला असे नेमके ओळखणारे विष सापडले, तर रोगी वाचेल आणि जंतू तेवढा मरेल. अशा औषधाला त्यांनी जादूची गोळी म्हटले. मुलांनो, ही गोळी बंदुकीची बरे, गिळायची नव्हे!

१८९१ मध्ये त्यांनी व गुटमान यांनी बर्लिन येथे हिवतापाच्या दोन रोग्यांना मेथिलीन ब्ल्यू दिले आणि दोघेही बरे झाले. पुढे सोमलाची शेकडो संयुगे तपासली गेली. १९०९ मध्ये त्यांचे जपानी सहकारी हाता यांना ६०६ क्रमांकाचे संयुग उपदंशावर गुणकारी आढळले. त्याआधीच, १९०८ मध्ये, एर्लिक यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते.

या यशाहून त्यांचे एक जुने निरीक्षण मला अधिक मोलाचे वाटते. १८८५ च्या सुमारास त्यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सारी इंद्रिये रंगली. मेंदू मात्र कोराच राहिला. मेंदू रंग धरतच नसावा, असा त्यांनी अर्थ लावला. तो चुकीचा होता. १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य गोल्डमान यांनी मेंदूभोवतीच्या द्रवात रंग सोडला, तेव्हा मेंदू निळा झाला व बाकीचे शरीर कोरे राहिले! रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक तटबंदी आहे, हे त्यावरून उमगले. ही तटबंदी विषाला अडवते, तशी औषधालाही अडवते. म्हणून मेंदूतील गाठीवर उपचार करणे फार कठीण जाते.

२० ऑगस्ट १९१५ रोजी एर्लिक निवर्तले. आज शास्त्रज्ञ मीटरच्या अब्जांशात मोजावे लागणारे कण घडवतात. कणाच्या अंगावर गाठीची पेशी ओळखणारे रेणू बसवतात; पोटात औषध आणि एमआरआय चित्रात दिसणारे लोहाचे संयुग भरतात. गाठ दाखवायची कोणी आणि मारायची कोणी, हा प्रश्नच उरत नाही. प्रयोगांत काही कण प्राण्यांच्या मेंदूतील गाठीपर्यंत पोहोचले आहेत. माणसाच्या मेंदूसाठी मात्र असे कण अजून नित्याचा उपचार झालेले नाहीत. तटबंदी उभीच आहे.