औंधच्या डोंगरावरील चित्रसंग्रह

सातारा जिल्ह्यातील औंध हे अवघ्या ७२ गावांचे, अवर्षणग्रस्त मुलखातील संस्थान. १९०९ साली तेथील गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून सर्वपरिचित झाले. त्यांच्यातील चित्रकार मात्र उपेक्षितच राहिला. रामायणावरील चित्रमालिका त्यांनी स्वतः रंगविली होती.

संस्थानिकांचे कलाप्रेम सहसा राजवाड्याच्या भिंतींपुरते असे. बाळासाहेबांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारून आपला संग्रह रयतेसमोर मांडला. राजा रविवर्मा, धुरंधर यांच्या चित्रांच्या जोडीला बंगाल शैलीतील चित्रे आणि पाश्चात्त्य कलाकृतींच्या प्रतिकृती तेथे आल्या. आधुनिक शिल्पकलेतील अग्रणी हेन्री मूर यांचे माता व बालक हे पाषाणशिल्प आजही या आडगावी पाहावयास मिळते, हे अनेक कलारसिकांना ठाऊक नसते! तुटपुंज्या उत्पन्नाच्या संस्थानात हा खर्च कुणाला चैन वाटला, तर नवल नाही. परंतु १९३९ साली याच राजाने गांधीजींच्या सल्ल्याने घटना देऊन राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला.

१९४८ साली संस्थान विलीन झाले. संग्रह औंधलाच राहिला. त्याची व्यवस्था पुढे राज्य शासनाकडे आली.