मोलेसर शास्त्री आणि लाल रेघ



संगणकावर इंग्रजीत 'कलर' हा शब्द पाठ्यपुस्तकाप्रमाणे 'यू' घालून टाइप केला, तरी कधी कधी त्याखाली लाल रेघ उमटते. भाषा अमेरिकन इंग्रजी निवडलेली असली की असं होतं. ब्रिटिश किंवा भारतीय इंग्रजी निवडा, रेघ जाते. शब्द तोच, फक्त संगणकाची शब्दयादी बदलली. मग अशी यादी कशी करावी? त्यासाठी जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचं आयुष्य पाहा.

मोल्सवर्थ यांचा जन्म 1795 चा. 1812 च्या सुमारास, ऐन पोरवयात, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात भरती होऊन भारतात आले. इथे मराठी आणि संस्कृत शिकले. पुढे शास्त्री मंडळी आणि जॉर्ज व थॉमस कँडी हे जुळे भाऊ यांच्या साथीने त्यांनी मराठी-इंग्रजी कोश रचला. तो 1831 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकृतीमुळे ते मायदेशी परतले, पण 1851 मध्ये पुन्हा आले आणि 1857 मध्ये सुधारित आवृत्ती काढली. त्यात सुमारे 60,000 शब्द आहेत. लोक त्यांना आदराने मोलेसर शास्त्री म्हणत. 1871 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या कोशात नुसती पुस्तकी मराठी नाही. बोलीतला, खेडवळ शब्दही त्यांनी गाळला नाही. तो कुठे आणि कसा चालतो, हे अनेक ठिकाणी नोंदवलं.

आपल्या शिरूर-दौंडकडचं मूल 'शेत' न लिहिता 'वावर' लिहितं, 'रस्सा' न म्हणता 'कालवण' म्हणतं. हे दोन्ही शब्द मोल्सवर्थच्या कोशात आहेत. गावांच्या नावांचंही तसंच. इंग्रजांच्या कागदांत शिरूरचं 'सिरूर' आणि दौंडचं 'धोंड' असे. तेव्हा तेच बरोबर मानलं जाई.

म्हणून मुलाच्या वहीतल्या अशा शब्दावर लगेच लाल शाई फिरवू नका. आधी विचारा, हा शब्द घरी कोण वापरतं? मग प्रमाण शब्द शेजारी लिहायला सांगा. परीक्षेत तो लागतोच. हा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो. येत्या शनिवारी मुलांना घरातून पाच शब्द आणायला सांगा आणि ते त्यात शोधू द्या. एखादा सापडला नाही, तर तो वर्गाच्या यादीत अर्थासह लिहून ठेवा.