बॅरन ओसमान : रुंद रस्ते आणि शहराची सुरक्षितता

शहराची रचना आणि तेथील गुन्हेगारी यांचा संबंध अभ्यासताना जॉर्ज-यूजेन ओसमान यांचे चरित्र आपल्याला टाळता येत नाही. १८०९ मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेले ओसमान वास्तुविशारद नव्हते. कायद्याचे शिक्षण घेऊन ते प्रशासनात आले, अनेक जिल्ह्यांत अधिकारपदे सांभाळली आणि १८५३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्यांना पॅरिसचा कारभार पाहणारे प्रीफेक्ट नेमले.

त्या काळी सेन नदीतील सिते बेट म्हणजे अंधाऱ्या, नागमोडी गल्ल्यांचे जाळे होते. चोरांचा अड्डा ही त्याची ख्याती यूजेन स्यू यांच्या ‘पॅरिसची रहस्ये’ या कादंबरीने घरोघरी पोहोचवली. अर्थात, कादंबरीतील गल्ली म्हणजे पोलिसांची नोंदवही नव्हे. त्याच गल्ल्यांत कष्टकऱ्यांचे संसारही होते, आणि १८३२ च्या पटकीने शहरातील अशा दाट वस्त्यांत हजारो बळी घेतले होते.

ओसमान यांनी ही वस्ती जवळजवळ पुसून टाकली. बेटावरील लोकसंख्या सुमारे १५,००० वरून ५,००० वर आली. घरांच्या जागी पुढे नवे इस्पितळ आणि बराक उभी राहिली. त्या बराकीत आज पोलिसांचे मुख्यालय आहे. शहरभर सरळ, रुंद रस्ते, गॅसचे दिवे व भुयारी गटारे आली. मोकळ्या रस्त्यावर बंडखोरांना अडथळे रचणे कठीण जाते, हा लाभही त्यांनी हिशेबात धरला होता.

उठवलेली माणसे मात्र गेली कोठे? पुष्कळजण भाडे परवडेल अशा बेलव्हिलसारख्या कडेच्या भागांत गेले. मध्यवर्ती भाग उजळला तो बऱ्याच अंशी तेथील गरिबांना दूर सारून. माझ्या मते ओसमान यांच्या कार्याचे मूल्यमापन याच मुद्द्यापाशी अडते. केवळ दिव्यांचे खांब मोजून ते होत नाही.

प्रचंड कर्जामुळे टीका वाढली आणि जानेवारी १८७० मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढच्याच वर्षी पॅरिस कम्यूनचा उठाव झाला. रुंद रस्त्यांवरही अडथळे उभे राहिले, आणि मे महिन्याच्या अखेरीस शेवटचा प्रतिकार झाला तो बेलव्हिलच्या परिसरात.

ओसमान १८९१ मध्ये वारले. तोवर फ्रेंच भाषेत त्यांच्या नावाचे क्रियापद झाले होते. जुनी वस्ती पाडून सरळ रस्ते काढणे, असा त्याचा अर्थ.