डांबर, मोती आणि प्रयोगशाळा

खालापूर तालुक्याच्या पनवेलकडील सीमेवर वसलेल्या रसायनी या औद्योगिक वसाहतीच्या नावातच रसायन आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना येथे उभा राहिला आणि रंग व औषधे बनविण्यासाठी लागणारी नायट्रोबेंझिन, अ‍ॅनिलीन यांसारखी मूलभूत रसायने देशातच तयार होऊ लागली. कर्जत-खोपोलीच्या मुलाने रसायनशास्त्रात पदवी मिळवावी आणि जवळच्या एखाद्या कारखान्यात लागावे, हा पुढे सरावाचा मार्ग झाला. महाविद्यालयाची प्रयोगशाळा आणि कारखाना यांना जोडणारा हा मार्ग आज स्वाभाविक वाटतो. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र तो जवळजवळ नव्हताच. तो आखण्यासाठी ज्यांनी आपली विद्या आणि मिळकत खर्ची घातली, त्यांत प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचे नाव अग्रभागी आहे.

गज्जर यांचा जन्म १८६३ च्या ऑगस्टमध्ये सुरतेला झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोरघाटातील रेल्वेमार्ग खुला झाला होता आणि कर्जतमार्गे मुंबई व पुणे ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली होती. गज्जर घराणे सुतारकाम आणि बांधकाम करणाऱ्यांचे. लाकूड, चुना, दगड यांच्याशी हाताचा परिचय बालपणापासूनच होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला. शिकलेल्या माणसाने हात मळवू नयेत आणि कारागिराने पुस्तकाला हात लावू नये, अशी तेव्हाच्या समाजाची धारणा होती. गज्जर यांच्या घरात कारागिरी होती आणि त्यांच्या स्वतःच्या हाती पदवी आली होती. ही दरी बुजविणे हेच त्यांच्या आयुष्याचे कार्य ठरले.

या कार्याला आश्रय मिळाला तो बडोद्यात. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले सयाजीराव गायकवाड तेथे राज्य करीत होते. गज्जर बडोदा महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १८९० मध्ये त्यांच्या पुढाकाराने कलाभवन ही औद्योगिक शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. रंगाई, यंत्रकाम, बांधकाम, चित्रकला असे विषय तेथे शिकवले जात. रंगाईसाठी जर्मन तज्ज्ञांची मदत घेतली गेली. तांत्रिक विषयांवरील पुस्तके गुजराती आणि मराठीत व्हावीत, शास्त्रीय परिभाषा देशी भाषांत घडावी, यासाठीही गज्जर यांनी मोठी योजना आखली. पुढे चित्रपटमहर्षी म्हणून ख्याती पावलेले दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी होते.

रंगाईवर त्यांचा एवढा भर का, हे समजून घेण्यासारखे आहे. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन या तरुणाने कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या अ‍ॅनिलीनपासून जांभळा रंग तयार केला. त्यातून जो उद्योग वाढला तो मुख्यतः जर्मनीत, कारण तेथील विद्यापीठांनी विद्यार्थ्याला स्वतः प्रयोग करायला लावण्याची शिस्त घालून दिली होती. पाहता पाहता नीळ आणि मंजिष्ठा यांची जागा या कृत्रिम रंगांनी घेतली. कापूस आपला आणि गिरणीही आपली, पण तिचे कापड रंगवायचे ते मात्र परदेशी रंगाने, अशी स्थिती झाली. ही लढाई बाजारपेठेत जिंकायची तर तिची तयारी विद्यार्थ्याच्या प्रयोगमेजावर व्हायला हवी, हे गज्जर यांनी ओळखले होते.

१८९६ मध्ये बडोदे सोडून ते मुंबईला आले आणि विल्सन महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवू लागले. त्या काळी महाविद्यालयातील विज्ञान बव्हंशी व्याख्यानाचे होते. प्रयोग प्राध्यापकाने करून दाखवायचा, विद्यार्थ्याने तो पाहायचा आणि परीक्षेत लिहायचा, ही रीत होती. पदवीधर बाहेर पडे तो कारकुनीकडे किंवा वकिलीकडे वळण्यासाठी.

त्याच वर्षी मुंबईत प्लेग उद्भवला. गज्जर यांनी रोगावर आयोडीनचे एक संयुग औषध म्हणून पुढे आणले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये दामोदर चाफेकर यांनी फोर्टमधील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले. हा पुतळा बडोद्याचेच खंडेराव गायकवाड यांनी दिलेला होता. डाग काही केल्या निघेना. ते आव्हान गज्जर यांनी स्वीकारले आणि पुतळा स्वच्छ केला. त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते या कामामुळे. ज्या डागासाठी एका क्रांतिकारकाने प्राण पणाला लावले होते, तो पुसण्याचे श्रेय एका स्वदेशी शास्त्रज्ञाकडे जावे, हा इतिहासातील अवघड प्रसंग आहे. गज्जर यांच्या चरित्रातून तो वगळता येत नाही.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला या कामातील अडचण लगेच ध्यानात येईल. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल पडले की फसफसून वायू निघतो आणि दगडच झिजतो. विद्रावक वापरावा तर पातळ झालेले डांबर दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत आणखी खोल मुरण्याचे भय. डाग काढायचा, पण दगडाला धक्का लावायचा नाही, अशी ही कसोटी होती. पुढे गज्जर यांनी पिवळ्या पडलेल्या मोत्यांना पुन्हा उजळा देण्याची प्रक्रिया शोधली. मोतीही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचाच, त्यामुळे कसोटीही तशीच होती. मोत्यांच्या या विद्येने त्यांना विपुल पैसा मिळवून दिला, तसेच न्यायालयीन वादांचा मनस्तापही दिला.

पैसा आला तो पुन्हा प्रयोगशाळेतच गेला. १८९९ च्या सुमारास त्यांनी गिरगावात टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी ही स्वतःची प्रयोगशाळा उभारली. येथे विद्यापीठाच्या परीक्षांची तयारी होई आणि उद्योगांपुढील प्रश्नही हाती घेतले जात. एखाद्या वस्तूचे पृथक्करण करणे म्हणजे केवळ परीक्षेतील गुण नव्हेत, व्यापाऱ्याला आणि कारखानदाराला हवे असलेले ते उत्तर आहे, हा धडा विद्यार्थी येथे प्रत्यक्ष कामातून शिकत.

या वर्तुळातूनच १९०७ मध्ये अलेम्बिक हा औषधी रसायनांचा उद्योग जन्माला आला. गज्जर यांच्यासमवेत त्याच्या उभारणीत कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन हे होते. अलेम्बिक म्हणजे ऊर्ध्वपातनाचे जुने पात्र. प्रयोगशाळेतील उपकरणाचे नाव कारखान्याला लाभावे, यातच गुरूची शिकवण दिसते. मुंबईत लहान प्रमाणावर सुरू झालेला हा उद्योग पुढे बडोद्यात स्थिरावला आणि वाढला.

गज्जर ज्या धोक्याची जाणीव आयुष्यभर बाळगून होते, तो १९१४ मध्ये प्रत्यक्ष समोर आला. महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन रंगांची आवक थांबली. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू होऊन घाटातल्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. वीज खोपोलीहून येऊ लागली, पण रंग कोठून आणावा, हा प्रश्न गिरण्यांना भेडसावत होता. देशात रंगनिर्मितीचा पाया घालण्यासाठी लागणारे प्रशिक्षित रसायनतज्ज्ञ पुरेशा संख्येने तयार झालेच नव्हते. एका माणसाच्या ध्यासाने प्रयोगशाळा उभी राहू शकते, सबंध उद्योग नव्हे, याचा हा दाखला होता. १९२० च्या जुलैमध्ये गज्जर यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे तेरा वर्षांनी, १९३३ मध्ये, मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. त्यात कापड आणि रंग यांच्या रसायनशास्त्राला आरंभापासून मानाचे स्थान होते. माटुंग्याची ही संस्था पुढे यूडीसीटी या नावाने सर्वपरिचित झाली. रसायनीचा कारखाना त्यानंतर आला, आणि त्याचेही दिवस सरले. २०१७ मध्ये केंद्र सरकारने तेथील बहुतेक उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला.

बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत एक प्रयोग मात्र अजून केला जातो. अ‍ॅनिलीन आम्लात विरघळवून बर्फात ठेवायचे, तापमान पाच अंशांवर जाऊ न देता त्यात सोडियम नायट्राइटचे द्रावण थेंबथेंब घालायचे आणि मग ते बीटा-नॅफ्थॉलच्या द्रावणात ओतायचे. क्षणात भडक नारिंगी-तांबडा रंग उतरतो. जर्नलमध्ये उतारा नोंदवला की विद्यार्थ्याचे काम संपते, सही मिळते. तो रंग कापडावर किती टिकेल, किती खर्चात होईल आणि उरलेल्या सांडपाण्याचे काय करायचे, हे प्रश्न त्याला तेथेच विचारले गेले, तर गज्जर यांचा वर्ग संपलेला नाही असे म्हणता येईल.