सम्राट अशोक आणि आपला सोपारा

नालासोपाऱ्यात १८८२ साली सम्राट अशोकांच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. चंद्रगुप्त मौर्यांच्या या नातवाने कलिंग जिंकला, पण लाखभर माणसं मारली गेली. त्याचं दुःख त्यांनी दगडावरच कोरून ठेवलं. असे राजे किती?

अशोक स्वतः बौद्ध. तरी बाराव्या शिलालेखात (पाकिस्तानातल्या शाहबाजगढीलाही तो आहे) त्यांनी नेमकं ओळखलं: माणूस आपल्या पंथाची बढाई मारतो, दुसऱ्याला नावं ठेवतो, ते आपल्या पंथाच्या प्रेमापोटी. म्हणूनच बहुतेक त्याला त्यात चूक दिसत नाही. नुकसान मात्र आपल्याच पंथाचं होतं. त्यापेक्षा एकमेकांचं ऐकावं. मसलकावरून भांडणाऱ्या आपल्या मोहल्ल्यांनाही हे लागू आहेच की.

नुसतं सांगून ते थांबले नाहीत. बिहारच्या बराबर डोंगरातल्या गुहा त्यांनी आजीविक पंथाच्या साधूंना दिल्या.